बस्टर कीटन कोण होता? त्याला एवढं मोठं का मानतात?

मूकपटांच्या काळातला अमेरिकन नट आणि दिग्दर्शक. जन्म १८९५, कॅन्सस राज्यातला. आई-वडील रंगमंचावर विनोदी खेळ करायचे, आणि त्या खेळात लहानग्या बस्टरला उचलून फेकलं जायचं. न दुखावता पडायचं कसं, हे तो तिथेच शिकला. पडल्यावर आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात, हेही त्याला तिथेच कळलं. पुढे तो दगडी चेहरा त्याची ओळख झाला.

एकच प्रसंग पाहायचा असेल तर १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधला पाहा. वादळात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो वाचतो, कारण नेमकी उघडी खिडकी त्याच्यावरून जाते. भिंत खरीच जड होती आणि दोन्ही बाजूंना जेमतेम काही इंचांची जागा होती. मी कितीदा पाहिलाय, तरी दर वेळी श्वास अडकतो.

'द जनरल' (१९२६) मध्ये तर त्याने खरंखुरं रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळवलं. तेव्हा तो चित्रपट चालला नाही. आज तो अभिजात मानला जातो.

१९२८ मध्ये तो एमजीएम या मोठ्या चित्रपट स्टुडिओकडे गेला. तिथे कामातलं स्वातंत्र्य हिरावलं गेलं, पाठोपाठ दारूचं व्यसन आणि घटस्फोट. फार वाईट वर्षं होती ती. सुदैवाने लोकांनी त्याला पुन्हा शोधलं, ते त्याच्या हयातीतच. १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं. १९६६ मध्ये तो गेला.