वर्गाच्या कंसात हरवलेला तुकडा

भावा, तुझं गणित ९क्ष ÷ [(क्ष−१)²(क्ष+२)] च्या इंटिग्रेशनचं. तू ब/(क्ष−१)² आणि ड/(क्ष+२) एवढे दोनच तुकडे धरलेस, ब = ३ आणि ड = −२ काढलंस, तरी उत्तर जुळेना. गंमत म्हणजे दोन्ही किमती बरोबर आहेत. तिसरा तुकडाच तू मांडला नाहीस.

पडताळा घे. क्ष = ० घातलं की मूळ राशी शून्य, तुझी बेरीज मात्र ३ − १ = २. पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे एका अपूर्णांकाचे असे साधे तुकडे, मांडलं की मी आधी हे शून्य घालून बघतो, मगच पुढं.

असं का होतं? (क्ष−१)² वर नुसता आकडाच येईल असं नाही, प·क्ष + फ (प, फ हे आकडे) असं काहीही येऊ शकतं. ते प(क्ष−१) + (प+फ) असं लिही. पहिल्या भागातला एक कंस कटतो आणि प/(क्ष−१) उरतो, त्याला अ/(क्ष−१) म्हणू. हाच तुझा हरवलेला तुकडा. छेद तिसऱ्या घाताचा, म्हणजे अज्ञात स्थिरांकही तीनच हवेत.

मागं रंकाळ्यावर पुतण्याला हेच मिसळीच्या बिलामागं करून दाखवलं. (क्ष+२) वर अंगठा ठेवायचा, उरलेल्यात क्ष = −२ घालायचं: −१८/९ = −२. मग (क्ष−१)² झाकून क्ष = १: ९/३ = ३. अंगठ्याला कट लागलेला, बिलावर तांबडा डाग, पण पठ्ठ्याच्या डोक्यात बसलं! ही इंग्लिश गणितज्ञ हेवीसाइडची रीत. अ मात्र अशी झाकून मिळत नाही. तिथं क्ष = ० कामाला येतं: −अ + ३ − १ = ०, म्हणून अ = २.

उत्तर: २ लॉग|क्ष−१| − ३/(क्ष−१) − २ लॉग|क्ष+२| + स्थिरांक. मधल्या पदाला लॉग लावू नकोस, तो साधा घाताचा नियम आहे. निम्मी पोरं तिथंच घसरतात.

अंशाचा घात छेदाइतका किंवा जास्त असेल तर आधी भागाकार. क्ष²+४ सारखा न फुटणारा कंस असेल तर वर प·क्ष + फ धर. पण ‘न फुटणारा’ म्हणायची घाई नको. क्ष⁴+१ सारख्या राशीपाशी १७०२ साली कॅल्क्युलसचा एक जनक खुद्द लायब्निट्झ फसला होता. ती (क्ष²+√२क्ष+१)(क्ष²−√२क्ष+१) अशी फुटते, गुणून बघ.