औद्योगिक संशोधन विभागात काम केलेल्यांना तिथले कोणते सहकारी आणि कसलं वातावरण आठवतं?

मी रेझिनच्या (रंग, गोंद वगैरेंत वापरल्या जाणाऱ्या पॉलिमरच्या) संशोधन विभागात अकरा वर्षं काढली. दोन-तीन पेटंटांवर नाव आहे. पण तुमचा प्रश्न वाचून आधी डोळ्यांसमोर आले ते वहीवर सही करणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी.

प्रयोगवही म्हणजे शिवलेली, छापील पान-क्रमांकांची. पेन्सिल चालायची नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, शेजारी तारीख आणि सही. शिवाय पानाच्या तळाशी त्या प्रयोगात नसलेल्या कुणाची तरी साक्ष: ‘वाचले व समजले’. हा सगळा खटाटोप पेटंटसाठी. अमेरिकेत मार्च 2013 पर्यंत अर्ज आधी कुणी केला यापेक्षा शोध आधी कुणी लावला हे बघत, आणि त्याचा पुरावा ही वही.

बाकीचे लोक आठवड्याची पानं एका दमात सह्या करून मोकळे व्हायचे. हे गृहस्थ मात्र ‘समजले’ हा शब्द खरा धरायचे. “80 अंशांचं 92 कसं झालं? लिहिलेलं नाहीस.” सही नाही! पहिलं वर्षभर मला हा निव्वळ छळ वाटायचा.

एकदा एक लिटरच्या फ्लास्कमध्ये छान जमलेली पॉलिमरची रेसिपी आम्ही हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये घेतली. आकारमान हजारपट वाढतं, पण थंड करणारी भिंत साधारण शंभरपटच; म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाट कमी. हे गणित मला तोंडपाठ होतं. तरी बॅच तापू लागली तेव्हा मी कागदच चाळत होतो. पायलट प्लांटच्या, म्हणजे चाचणी-कारखान्याच्या, ऑपरेटरने कुणाला न विचारता मोनोमरची (ज्यापासून पॉलिमर बनतं त्या कच्च्या मालाची) फीड बंद केली आणि थंड पाणी पूर्ण सोडलं. बॅच वाचली.

वहीत मी लिहिलं, ‘ऑपरेटरने फीड थांबवली.’

“त्याला कसं कळलं?” आमच्या त्या ज्येष्ठांनी सही न करता विचारलं.

“ढवळणाऱ्या स्टररच्या आवाजावरून म्हणे.”

“म्हणे? जाऊन विचार.”

खाली जाऊन विचारलं. आवाज जड झाला होताच, पण त्याच्या मोटरला किती वीज लागते ते दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटाही वर चढत होता. माल घट्ट होत चालल्याची खूण! त्या काट्याकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. पुढच्या बॅचपासून नोंदपत्रकात अ‍ॅम्पिअरचा रकाना आला.

बुलेटप्रूफ जाकिटांत वापरल्या जाणाऱ्या केव्हलर या धाग्याच्या गोष्टीतही असाच एक माणूस आहे. 1965 मध्ये ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांचं द्रावण गढूळ आणि पातळ निघालं, तेव्हा यंत्राची छिद्रं तुंबतील म्हणून स्पिनिंगवाला (द्रावण बारीक छिद्रांतून ढकलून धागा काढणारा) ते चालवायला तयारच नव्हता. बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने ते चालवलं. लोक त्याला हटवादी ठरवतात. मला नाही तसं वाटत; यंत्र सांभाळणं हे त्याचं कामच होतं.

पुढे आमच्या वह्या संगणकावर गेल्या. जुनी नोंद आता क्षणात सापडते, हे मान्य. साक्ष मात्र एका क्लिकवर आली आणि प्रश्न विचारणं बंद झालं.

ते ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले त्या दिवशी राहिलेल्या सगळ्या पानांवर सह्या करून गेले. फक्त माझं एक पान सोडलं. ती बॅच पिवळी का पडली होती, ते मलाही अजून कळलेलं नाही.