काउंटी जेलच्या खात्यात पैसे भरण्याआधी
ताई, मुलगा जेलात आहे म्हणून घाईने त्याच्या तिथल्या खात्यात मोठी रक्कम भरू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच काउंटी जेलांत, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगांत, बुकिंग फी (आत घेताना नोंदणीची फी), डॉक्टरची फी अशी थकलेली देणी जमा रकमेतून परस्पर कापतात. किती कापणार, ते आधी फोन करून विचारा. बुकिंग नंबर, म्हणजे त्याचा कैदी म्हणून नोंदणी क्रमांक, नीट तपासून टाका. कार्डाने भरलं की दर वेळी वर फी लागते, म्हणून रोज थोडे थोडे टाकण्यापेक्षा एकदाच बेताचे भरा. मनी ऑर्डर चालत असेल तर बरंच. कमिसरीची, म्हणजे जेलमधल्या दुकानाची, ऑर्डर बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदाच जाते. तो वार चुकला की नूडल्स, कॉफी, साबण सगळं पुढच्या आठवड्यावर. फोनचं खातं बहुधा वेगळं असतं. आणि दुसऱ्या कैद्याच्या नावावर पैसे टाकायला कुणी सांगितलं, तर साफ नाही म्हणा.