दूध मोजायचं की मापायचं?

तुम्ही विचारलंय, मुलीनं गृहपाठात ‘आजीने दूध मोजले’ असं लिहिलं, बाईंनी ते खोडून ‘मापले’ केलं, तर बरोबर कोणतं? दोन्ही. नग तेवढे मोजायचे आणि बाकी सगळं मापायचं, हा नियम ज्यांनी काढला त्यांनी धान्याचं दुकान आतून पाहिलेलं नाही.

माझ्या बाबांचं उभं आयुष्य नागपूरच्या इतवारीत, धान्याच्या गादीवर गेलं. १९६२ साली मेट्रिक मापं सक्तीची झाली, शेर-मण गेले, किलो आला; घरची पायली मात्र त्यांनी मोडीत काढली नाही. चार शेरांची, पितळी, काठाला पोचा आलेला. एका दिवाळीत भंडाऱ्याहून चिन्नोर आला होता, पाहुण्यांना थोडा थोडा द्यायचा होता. बाबा मला म्हणाले, "तांदूळ मोजून घाल रे." आमचे पुण्याचे साडू तिथंच चहा पीत बसलेले. "काका, एकेक दाणा मोजणार का?" अख्खी बैठक हसली.

बाबा काही बोलले नाहीत. माझ्या हातातली पायली घेतली, पोत्यात खुपसली, शीग चढेस्तोवर भरली आणि पिशवीत ओतताना म्हणाले, "लाभ." मग दोन. मग तीन. धान्य मापताना पहिल्या मापाला ते कधीच ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’च म्हणत. हात मापतो, तोंड मोजतं. काम एकच. साडूंना हे तेव्हाही कळलं नाही, अजूनही नाही.

ताप मोजतो ना आपण? रक्तदाब? तिथं कुठले आले नग? जमिनीची तर सरकारी कागदावरही ‘मोजणी’च असते. ‘मोजमाप’ हा जोडशब्द काय उगाच झाला? मागल्या वर्षी साडूंनी मुळशीतल्या आपल्या गुंठ्यांसाठी अर्ज केला. मी फोनवर विचारलं, "मोजणीचा केला की मापणीचा?" नेमकं तेव्हाच त्यांचं नेटवर्क जाऊन राह्यलं होतं.

हां, उलटं सगळीकडे चालत नाही. पैसे मोजतात, मापत नाहीत. शेवटच्या घटकाही मोजतातच. शिंपी माप घेतो, पण कोणाचं ‘माप काढलं’ तर भांडण होते. आणि मुलीला म्हणावं, पेपरात बाई सांगतात तेच लिही, मार्क त्यांच्या हातात आहेत. घरी मात्र दूध मोजूनच घ्या. आमच्याकडचा दूधवाला लिटरचं माप जरा तिरपंच धरतो.