घरगुती कारणास्तव

गेल्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या इतक्या शिक्षिका माझ्याकडे हाच एक प्रश्न घेऊन आल्यात की शेवटी लिहायला बसले. "मॅडम, केंद्रप्रमुखाचं प्रमोशन येतंय, घेऊ की नकार देऊ?" केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारं पद. बहुतेकींचं मनातून नकाराचं ठरलेलं असतं, फक्त कुणीतरी 'बरोबर केलंत' म्हणायला हवं असतं.

त्यातल्याच एक बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) 23 वर्षं नोकरी, सेवाज्येष्ठता यादीत नाव वर. पहिल्या भेटीत सगळा पाढा वाचला, सासूबाईंचं दुखणं, मुलगा बारावीला, दहा-बारा शाळा फिरायच्या, वाटेत बाथरूमची सोय नाही, आणि "निवडश्रेणी (बरीच वर्षं नोकरी झाल्यावर मिळणारी वरची वेतनश्रेणी) मिळणारच आहे, पगारात असा काय फरक पडतो?" यातलं एकही कारण खोटं नव्हतं. बाथरूमचं तर अजिबातच नाही, बायका दिवसदिवस पाणी न पिता फिरतात आणि त्यावर मीटिंगमध्ये कुणी अवाक्षर काढत नाही.

पण याच बाईंनी अवघड क्षेत्रातल्या, म्हणजे दुर्गम भागातल्या शाळेत 6 वर्षं काढली होती, रोज स्कूटीवर 28 किलोमीटर, तेव्हा मुलगा 3 वर्षांचा.
"तेव्हा घर कसं चाललं?"
"चालवलं की."

चौथ्या भेटीत मी कोरा कागद पुढे केला, नकारपत्र इथेच लिहा म्हटलं. झरझर लिहिलं, 'घरगुती कारणास्तव...' म्हटलं आता हे दोन शब्द खोडा आणि खरं कारण लिहा, हा कागद ऑफिसला जाणार नाहीये. पाच-सात मिनिटं पेन हललं नाही. मीही बोलले नाही, अशा वेळी गप्प बसायला मी फार वर्षांनी शिकलेय. मग त्यांनी लिहिलं, 'माझी चूक झाली तर सगळे म्हणतील, बाई होती म्हणून.' वाचून दाखवताना रडू फुटलं.

"आधीच्या केंद्रप्रमुख सरांच्या चुका व्हायच्या?"
"ढीगभर. यूडायसची, म्हणजे सरकारला पाठवायची शाळांची माहिती दोनदा परत आली होती."
"मग लोक काय म्हणाले?"
"सर घाईत होते म्हणाले." आणि थांबल्या. "म्हणजे त्यांची चूक त्यांच्या एकट्याची, माझी झाली तर सगळ्या बायकांची. म्हणून मी चुकायचंच नाही ठरवलंय. आणि काम घेतलंच नाही की चूक होत नाही."

मी त्यांच्या पहिल्या कारणांना उत्तरं देत बसले असते तर हे त्यांना कधीच सापडलं नसतं. माझं ठाम मत आहे, अडचणींपेक्षा 'माझी चूक होताच कामा नये' हा हट्टच जास्त अडवतो. अडचणींवर काहीतरी तोडगा निघतो, या हट्टावर निघत नाही, तो सोडावाच लागतो.

म्हणून नकार लिहिण्याआधी एवढं करा. कारणं दोन रकान्यांत मांडा, सोडवता येणारी एकीकडे आणि भीती दुसरीकडे. प्रभारी चार्ज मिळत असेल तर महिनाभर घेऊन बघा. घरी परवानगी मागू नका, कामाची वाटणी मागा. आणि लक्षात असू द्या, बायकांचं 30 टक्के आरक्षण सरळसेवेत, म्हणजे थेट भरतीत आहे, पदोन्नतीत नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी या पायऱ्या आपल्यालाच चढायच्या आहेत. वय हाताशी असलेल्या मुलींनी एमपीएससीचा मार्ग जरूर धरावा, पण पन्नाशीकडे आलेल्या बाईसाठी हा जिना आहे, आणि वर्गात इतक्या बायका असताना तो चढायला एवढ्या कमी का, हे मनाला खरंच लागतं.

बाईंनी पद घेतलं. दुसऱ्याच महिन्यात एक तक्ता चुकला, "चुकलं, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवते" असं ऑफिसला सांगितलं म्हणे, आणि पाठवला. पण त्यांनी मला फोन केला तो त्यासाठी नव्हता. पहिल्या शाळाभेटीत त्यांनी शेरेबुकात लिहिलं होतं, 'मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे, आजच उघडावे.'
"मग?"
"हेडमास्तर अर्धा तास किल्ली शोधत होते मॅडम. सापडेपर्यंत मी तिथून हलले नाही."