अपंगत्वाच्या लाभात घरच्यांचा वाटा किती?

आपल्या थोरल्या भावाचा उजव्या हाताचा अंगठा रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील मासळी प्रक्रिया कारखान्यात यंत्रात सापडून गेला. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ते कंत्राटदारामार्फत कामाला लागले होते आणि दोन महिनेही पुरे झाले नव्हते. पगार १८,००० रुपये, घरी वहिनी, शाळेत जाणारी दोन मुले आणि विधवा आई. अमेरिकेतील नातेवाईक म्हणतात तशी बायको-मुलांना वेगळी रक्कम मिळेल का, असा आपला प्रश्न आहे.

नातेवाइकांचे म्हणणे तिथल्यापुरते खरे आहे. तेथील सोशल सिक्युरिटी या सरकारी विमा योजनेत अपंग कामगार हयात असतानाच पात्र पत्नीला आणि अल्पवयीन मुलांना त्याच्या लाभाच्या निम्म्यापर्यंत स्वतंत्र रक्कम मिळू शकते. कुटुंबाच्या एकूण रकमेला मात्र मर्यादा असते. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, घडण वेगळी आहे. कामगार हयात आहे तोवर पैसा त्याच्याच नावे येतो आणि कुटुंबाच्या वाट्याला औषधोपचार येतात.

दोन महिन्यांची नोकरी ही अडचण नाही, कारण कामावरील दुखापतीचे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते आणि कंत्राटी कामगारही त्यात येतात. बरे होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. पुढे मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचे मंडळ, कमाईक्षमतेची हानी ठरवते; अंगठा पूर्ण गेल्यास कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ती ३० टक्के धरली जाते. १८,००० चा दिवसाचा दर ढोबळ मानाने ६००, त्याचे ९० टक्के ५४०, आणि त्याचे ३० टक्के १६२ रुपये. म्हणजे महिन्याला साधारण ४,८६० रुपये, तेही आयुष्यभर. भाऊ पुन्हा कामावर रुजू झाले तरी ही रक्कम थांबत नाही. 'पगार सुरू झाला की पेन्शन जाते' अशी समजूत आपल्याकडे गावोगाव आहे आणि तिच्यापायी अनेक जण बोर्डासमोर जातच नाहीत.

नोकरी चालू असेपर्यंत पत्नी, मुले आणि अवलंबून असलेली आई यांना उपचार मिळतात. या अपंगत्वामुळे नोकरीच सोडावी लागली, तर वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःचे व पत्नीचे उपचार चालू ठेवता येतात. मुले आणि आई त्यात येत नाहीत.

कुटुंबाला थेट पैसा मिळतो तो कामगाराचा मृत्यू कामावरील दुखापतीमुळे झाला तर. ही वेळ आपल्या घरावर येऊ नये, पण हिशेब माहीत असावा. अशा वेळी पूर्ण दर, म्हणजे येथे रोजचे ५४० रुपये, आश्रितांत वाटले जातात: विधवेला तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला व विधवा आईला दोन पंचमांश. बेरीज एकापेक्षा जास्त होत असल्याने सर्वांचे हिस्से त्याच प्रमाणात घटतात आणि वहिनींना १८०, दोन्ही मुलांना व आईला प्रत्येकी १२० असे पडतात. मुलाचा हिस्सा २५ वर्षांपर्यंत, मुलीचा लग्नापर्यंत आणि विधवेचा पुनर्विवाह न केल्यास तहहयात असतो.

मृत्यू अन्य कारणाने झाल्यास हा लाभ नाही. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेचे सदस्य असताना मृत्यू झाला, तर मात्र कारण काहीही असो, विधवा पेन्शन आणि एका वेळी दोन मुलांपर्यंत प्रत्येकी तिच्या २५ टक्के पेन्शन असते. त्यामुळे भावाचे पीएफ खाते उघडले आहे का, हे कंत्राटदाराला आजच विचारा.

मी लोटे परिसरात कामगारांचे कागद बरीच वर्षे हाताळले आहेत. एका कामगाराची जखम चिघळून काही आठवड्यांनी तो गेला. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत 'किरकोळ खरचटले' एवढेच लिहिले होते आणि दवाखान्याच्या केसपेपरवर दुखापत कामावर झाल्याचा उल्लेखच नव्हता. मृत्यूचा संबंध त्या जखमेशी जोडताना त्याच्या बायकोचे दोन पावसाळे गेले. म्हणून नोंदवहीतील त्या पानाची आणि ईएसआयला पाठवलेल्या अपघात अहवालाची प्रत भावाने स्वतः मागून घ्यावी. तारीख, वेळ, यंत्राचे नाव आणि 'अंगठा' हा शब्द त्यात आहे की नुसते 'बोट' लिहिले आहे, हे वाचून पाहावे, कारण परिशिष्टात दोहोंचे टक्के वेगळे आहेत. त्याच फेरीत ईएसआयच्या नोंदीतील कुटुंबाची यादी तपासावी. हंगामी भरतीच्या घाईत कारकून बहुधा पत्नी आणि मुले एवढीच नावे भरतो आणि आई राहून जाते.