धमकी आली तर प्रार्थना करा, पहाराही ठेवा

दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवलेली असते, नाहीतर अनोळखी नंबरावरून व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर येतो : घरातली प्रार्थनासभा बंद करा, नाहीतर बघून घेऊ. ब्रिटनमधलं मराठी ख्रिस्ती कुटुंब अशा वेळी बहुधा एकच करतं. पडदे ओढून घ्यायचे, पाळकांनाही सांगायचं नाही, देवावर सोपवायचं. सोपवा जरूर. पण लपवण्याला श्रद्धा म्हणू नका. धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे चौथा आणि सहावा अध्याय घरच्यांनी मिळून वाचावेत. नहेम्या यरुशलेमेचा तट पुन्हा उभारतो तेव्हा सनबल्लट आणि तोबीया हे त्याचे विरोधक आधी टिंगल करतात, मग हल्ल्याची भीती घालतात. नहेम्या प्रार्थना करतो आणि त्याच वचनात रात्रंदिवस पहारा बसवतो (४:९). पुढे त्याला चार वेळा भेटीला बोलावतात. चारही वेळा त्याचं उत्तर तेच, हातातलं काम टाकून येता येणार नाही. पाचव्यांदा पत्र उघडंच पाठवतात, वाटेत कुणीही वाचावं आणि अफवा पसरावी म्हणून. आज हेच काम ग्रुपवरचं फॉरवर्ड करतं. तो थोडक्यात इन्कार करतो, वाद घालत बसत नाही. मंदिरात लपण्याचा सल्लाही धुडकावतो, कारण भीतीपोटी चूक झाली की बदनामीला आयतं निमित्त मिळणार. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

आता पहाऱ्याचं. धमकीला उत्तर देऊ नका आणि लगेच ब्लॉकही करू नका. आधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या; पाठवणारा सुमारे दोन दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो, आणि मग हातात काहीच उरत नाही. व्हॉइस मेसेज दुसऱ्या फोनवरही ठेवा. चिठ्ठी कडांना धरून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बोटांचे ठसे बिघडतात. ज्या पाकिटातून ती आली तेही जपा, टपालाचा शिक्का कामाला येतो. एका वहीत तारीख, वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यांसकट.

जिवाला धोका असेल तर पोलिसांना ९९९ वर फोन करा, एरवी १०१ वर. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावा आणि सूचना आली की ५५ दाबा. त्याने ठिकाण आपोआप कळत नाही, म्हणून पुढे विचारतील त्याला खोकून, टकटक करून उत्तर द्या. तक्रारीत स्पष्ट सांगा : आमच्या धर्मामुळे ही धमकी आली, असं आम्हाला वाटतं. इथे बरेच जण संकोचतात आणि प्रकरण शेजाऱ्यांचं भांडण म्हणून नोंदलं जातं. द्वेषाचा गुन्हा म्हणून नोंद व्हायला तुम्हाला तसं वाटणं पुरेसं असतं. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पोलिसांत गेलो म्हणजे क्षमा केली नाही, हा समज मनातून काढा. फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय फटके बसल्यावर प्रेषित पौलाने रोमन नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असा आग्रह धरला (प्रेषितांची कृत्ये १६:३७). शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूनेही, मला का मारतोस, असं विचारलं (योहान १८:२३). क्षमा तुमच्या मनातली, कायदा सरकारचा. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतात. काही आठवडे सभा दुसऱ्या घरी घ्यावी लागली तर त्यातही कमीपणा नाही. जीव वाचवायला पौलही दिमिष्कातून (दमास्कसमधून) पाटीत बसून तटावरून उतरला होता.

मुलांना वयाप्रमाणे खरं सांगा. त्यांना कळतंच, आणि अर्धवट कळलं की रात्रीची झोप जाते. दार कुणी उघडायचं, फोन कुणी उचलायचा, हे ठरवून ठेवा.

धमकी गावाकडच्या आईवडिलांवरून दिली असेल तर तिकडेही तक्रार हवी. भारतीय न्याय संहितेचं ३५१ कलम धमकीचं आहे. नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. ईमेलने माहिती देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. परदेशातून तुम्हाला ते जमणार नाही, म्हणून तक्रार तिथल्या भावाने किंवा मावशींनी, स्वतः ठाण्यात जाऊन, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती जोडून द्यावी.